पिवळं पान, लालबागची गच्ची

(दादर. पहाटेचे चार. मेथीच्या जुड्या.)

वरून हिरवीगार, पोटात पिवळी. आजी जुडी सोडतात, पिवळी पानं खुडतात, पुन्हा बांधतात. ही पानं सडलेली नाहीत. मुळापासून तुटली, जुडीच्या अंधारात दडपली, तेव्हा त्यांनी आवराआवर काढली.

(लालबाग. चाळीची गच्ची. निळी पिंपं.)

ही आवराआवर सावकाश बघायला आम्ही इथे आलो. मावशी मूळच्या मंगळवेढ्याच्या. जिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते मंगळवेढं. ऑक्टोबरात त्यांनी दोन अर्ध्या पिंपांत मालदांडी ज्वारी पेरली, एकाच मुठीतलं बी. वर जुनी साडी ताणली आहे ती कबुतरांसाठी. ताटं पोटरीत आली, निसवली, फुलोरा सरला, आणि आम्ही डाव्या पिंपाचं पाणी तोडलं. मावशींनी एकदा चोरून तांब्याभर घातलंच. कॅमेऱ्यात आलंय.

(रोज सकाळी एकाच जागेवरून काढलेले फोटो, भराभर.)

डावीकडे बघा. सगळ्यांत खालचं पान आधी. टोकाकडून पिवळेपणा आत सरकतोय. शिरा मात्र शेवटपर्यंत हिरव्या, कारण माल बाहेर काढायचा रस्ता तोच. पानातलं बहुतेक नत्र हरितकणांच्या प्रथिनांत असतं. वार्धक्याची जनुकं जागी झाली की हरितद्रव्य मोडतं, प्रथिनं कापली जातात, आणि ते तुकडे शिरांतून कणसाकडे निघतात. पिवळा रंग पानात आधीपासून होता, हिरव्याखाली झाकलेला.

(वाण्याचं दुकान. दोन पोती.)

एका पोत्यात रगड्याचा पांढरा वाटाणा, आत पिवळा. दुसऱ्यात हिरवा, वाळला तरी हिरवाच. अनुवंशशास्त्राचा पाया घालणाऱ्या मेंडेलने आपल्या बागेत हीच जोडी मोजली होती. त्यामागचं जनुक २००७ साली हाती लागलं. हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेणारं प्रथिन त्यातून बनतं. ते बिघडलं की दाणा हिरवा राहतो. म्हणजे उसळीतला हिरवा वाटाणा म्हातारा झाला तरी पिकत नाही, एवढंच!

(पुन्हा गच्ची. डाव्या पिंपाची माती, भेगा.)

माती सुकली की झाडात अ‍ॅबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं आणि म्हातारपणाचीच कळ वेळेआधी दाबली जाते. मग ती कळच बंद करावी? गव्हात करून पाहिलं, २००६ मध्ये. पानं तीन आठवड्यांहून जास्त दिवस हिरवी राहिली, पण दाण्यातली प्रथिनं, लोह आणि जस्त तीस टक्क्यांहून अधिक घटलं. पान पिवळंच झालं नाही, तर दाण्याला देणार कोण?

ज्वारीची युक्ती वेगळी आहे, आणि आमच्या मते जास्त शहाणी. इथिओपियातल्या एका जुन्या वाणातून आलेले चार जनुकीय पट्टे संशोधकांना सापडले. ते असलेल्या ज्वारीला फुटवे कमी, पानं आटोपशीर. फुलोऱ्याआधी अशी ताटं पाणी कमी पितात, म्हणून दाणे भरताना जमिनीत ओल उरते आणि पानं टिकतात. हिरवेपणा हा त्या काटकसरीचा परिणाम. आपली रब्बीची ज्वारी तर पाऊस गेल्यावर जमिनीतल्या ओलीवरच उभी राहते. तिच्यावर व्हायला हवं तेवढं काम गव्हा-तांदळाच्या गर्दीत मागे पडतं, हे सांगायला मावशींना कुठलं जनुक माहीत असावं लागत नाही.

ओल आधीच संपली तर ताट आतून पोकळ होतं, खडखड्या हा रोग लागतो, पीक लोळतं, दाणा आणि कडबा दोन्ही हातचे जातात.

(परात. मावशींचे हात.)

डाव्या पिंपाचं कणीस हलकं. दाणे बारीक, सुरकुतलेले. उजवीकडचे मोत्यासारखे. मावशींनी दोन्ही एकत्रच दळले. कबुतरांनी ठेवलं तेवढ्यात भाकऱ्या झाल्या तीन.