गरोदरपणात मालिश: कुठे हात लावायचा, कुठे नाही

नमस्कार, ऐकणाऱ्या सगळ्यांना, आणि आज खास करून ज्यांच्या घरात कुणाला दिवस गेलेत त्यांना. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गेली बरीच वर्षं गरोदर बायका आणि बाळंतिणी यांच्यासोबतच काम करतेय आणि आज मालिशबद्दल बोलायचंय. बाळंतिणीची मालिश आपल्याला नवीन नाही, शेक-शेगडी, धुरी, सकाळी तेल लावायला येणाऱ्या मावशी, हे सगळं घराघरात माहितीये. मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या नऊ महिन्यांबद्दल.

मध्ये एक मुलगी आली होती, सातवा महिना, ओटभरण नुकतंच झालेलं, हातात अजून हिरवा चुडा. तपासून झालं, निघाली, दारापर्यंत गेली आणि परत फिरून हळूच विचारते, मॅडम, कंबर इतकी दुखते की रात्री कूस बदलताना रडू येतं, यांना म्हटलं जरा तेल लावून चोळा तर सासूबाई म्हणाल्या अजिबात नको, बाळाला धक्का बसेल, तर खरंच काही होतं का हो? दोन महिने ती हे अंगावर काढत होती, आणि हे विचारायचं कुणाला तेच तिला कळत नव्हतं.

सासूबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्याकडे पोटुशी बाईला जपायची रीत फार जुनी आहे, चरकसंहितेत शारीरस्थानात म्हटलंय की गर्भिणीला असं जपावं जसं तेलाने काठोकाठ भरलेलं भांडं न हिंदकळता न्यावं. मला हे वाक्य खूप आवडतं. पण भांडं जपून न्यायचं म्हणजे त्याला हातच लावायचा नाही असं थोडीच आहे, उलट हात नीट लावायचा.

तर त्या मुलीला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. गरोदरपण नॉर्मल चाललं असेल, बीपी ठीक असेल, डॉक्टरांनी कसली जोखीम सांगितलेली नसेल, तर पाठ, कंबर, खांदे, मान, हात, तळपाय यांना हलक्या हाताने मालिश करायला हरकत नाही. बाळ आत गर्भजलाच्या पिशवीत आहे, पाठीवरून फिरणाऱ्या हलक्या हाताने त्याला धक्का बसत नाही.

आणि कंबर का दुखते तेही समजून घ्या, म्हणजे घरातल्यांना वाटणार नाही की ही उगाच कुरकुर करतेय. गरोदरपणात हार्मोन्समुळे, रिलॅक्सिन त्यातलंच एक, ओटीपोटाच्या हाडांचे सांधे सैल पडायला लागतात, वरून पोट पुढे वाढतं म्हणून तोल सावरायला बाई मागे झुकून चालते आणि सगळा भार कमरेच्या स्नायूंवर येतो. निम्म्याहून जास्त बायकांना कधी ना कधी हे दुखणं होतं.

आता कसं करायचं ते नीट ऐका. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपवून मालिश करायची नाही, कारण गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवर येतं, हृदयाकडे परत जाणारं रक्त अडतं, बाईला गरगरतं, घाम येतो, बाळाचाही रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. पालथं तर नाहीच. कुशीवर झोपवा, डावी कूस जास्त चांगली. एक उशी डोक्याखाली, एक दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, अशी की वरचा पाय खालच्या पायाच्या सरळ रेषेत राहील आणि पुढे लोंबणार नाही, आणि पोटाखाली एक पातळ चादर घडी करून सरकवा, म्हणजे पोटाचा ताण खाली ओढणार नाही. झोपवत नसेल तर उलट्या खुर्चीवर बसवा, तोंड खुर्चीच्या पाठीकडे आणि हात त्या पाठीवर टेकवून, घरात करायला हे सगळ्यात सोपं.

तेल वाटीत घ्या, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा आणि आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघा. खोबरेल चालतं, तिळाचं चालतं, घरात आहे ते साधं तेल चालतं. पूर्ण तळवा टेकवायचा, बोटांची टोकं रुतवायची नाहीत, आणि कमरेच्या खालच्या बाजूला जिथे दोन खळगे दिसतात तिथून वर खांद्यांपर्यंत सावकाश न्यायचा, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मणक्यावरून नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मध्येमध्ये विचारायचं, बरं वाटतंय का, जोर जास्त होतोय का, आणि ती नको म्हणाली की तिथेच थांबायचं. आणि उठताना हाताला धरून आधी बसवा, मग उभं करा, बाथरूममध्ये तेलकट पायांनी घसरणाऱ्या बायका मी पाहिल्यात म्हणून सांगते, तळपाय आधी टॉवेलने पुसा.

फायदा काय होतो? जे अभ्यास झालेत ते बहुतेक छोटे छोटे आहेत, पण त्यात दिसतं की पाठदुखी हलकी होते, धास्ती कमी होते, झोप बरी लागते. मला स्वतःला शेवटचं कारण सगळ्यात मोठं वाटतं, आठव्या-नवव्या महिन्यातली एक सलग झोप काय असते ते जिला मिळाली नाही तिलाच माहीत. पण मालिशने नॉर्मल डिलिव्हरीच होते, बाळ गोरं होतं, असं सांगून कुणी पॅकेज विकत असेल तर पैसे देऊ नका, असं काही होत नाही. कंबरदुखी मुळापासून कमी करायची तर रोजचं चालणं आणि शिकून घेतलेले व्यायाम जास्त उपयोगी, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या सूचनांमध्येही कंबरदुखी टाळण्यासाठी नियमित व्यायाम सांगितलाय. मालिश त्याच्या जोडीला.

आता पायांबद्दल. इथे जरा थांबून ऐका, हातातलं काम बाजूला ठेवा.

एका घरात आठव्या महिन्यात मुलीचा डावा पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, आई म्हणाली उष्णता असेल आणि दोन दिवस तेल लावून पोटरी चांगली रगडली. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे पाय लचकला असेल म्हणून आली. मी दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून घेर मोजला, डावी चांगली तीन सेंटिमीटर जास्त होती, हाताला गरम लागत होती, लालसर दिसत होती. मी पायाला पुन्हा हात लावला नाही, गाडी करून सरळ हॉस्पिटलला पाठवलं, डॉपलर सोनोग्राफीत रक्ताची गुठळी निघाली. इंजेक्शनं चालू झाली, मुलगी आणि बाळ दोघं व्यवस्थित आहेत. पण ती गुठळी चोळताना सुटली असती आणि फुफ्फुसात गेली असती तर, हा विचार आला की अजून माझ्या पोटात खड्डा पडतो.

गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, शरीर बाळंतपणातल्या रक्तस्रावाची तयारी करत असतं, त्यामुळे अशी गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा ४ ते ५ पट जास्त असतो, आणि ती बऱ्याचदा डाव्या पायात होते. संध्याकाळी दोन्ही पावलं सारखी सुजली आणि पाय उंच ठेवून झोपलं की सकाळी उतरली, तर ते बहुतेक वेळा साधं असतं, तिथे घोट्याकडून वर हलका हात फिरवला तर बरं वाटतं. पण एकच पाय सुजला, दुखतोय, गरम लागतोय, तर चोळायचं नाही, शेकायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि धाप लागली, छातीत दुखलं तर १०८ ला फोन. रात्री पोटरीत गोळा येतो त्यावरही रगडायला जाऊ नका, पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढा, गोळा सुटतो.

चेहरा आणि हात सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांसमोर काजवे चमकतायत, छातीच्या खाली पोटात दुखतंय, ही तर डोक्याला तेल थापून झोपवायची वेळच नाही. ही बीपी वाढल्याची लक्षणं असू शकतात, आणि पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं तर ते गंभीर असतं, सरळ दवाखाना. ज्यांना खाजगी डॉक्टर परवडत नाही त्यांनी लक्षात ठेवा, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, आशाताईंना विचारा, त्या सांगतील.

पोटाबद्दल थोडक्यात. पोटावर तेल लावायचं असेल तर तिने स्वतःच्या हाताने क्रीम लावतो तसं लावावं, कातडी ताणून खाज येते तेव्हा बरं वाटतं. पण दाबणं, चोळणं, बाळ आडवं आहे म्हणून सुईणीकडून किंवा कुणा जाणत्या बाईकडून फिरवून घेणं, हे कधीच करायचं नाही. वार, म्हणजे प्लॅसेंटा, गर्भाशयापासून सुटू शकते, आत रक्तस्राव होतो आणि बाहेर कळतही नाही. उलटं बाळ फिरवता येतं, पण ते डॉक्टर फिरवतात, साधारण ३६-३७ आठवड्यांनंतर, हॉस्पिटलमध्ये, सोनोग्राफी आणि बाळाचे ठोके बघत, बाजूला ऑपरेशन थिएटर तयार ठेवून.

पहिल्या तीन महिन्यांचं खूपजणी विचारतात. हलक्या मालिशने गर्भपात होतो असा पुरावा नाही. पण गर्भ राहत नाही तो जास्त करून याच काळात, आणि सुरुवातीच्या गर्भपातांमध्ये जवळपास निम्म्या वेळा गर्भातल्या गुणसूत्रांमध्येच दोष असतो, त्यात कुणाचीच चूक नसते. तरी नंतर घरात बोललं जातं, तिने पाठ चोळून घेतली म्हणून झालं, आणि ती बाई ते वाक्य आयुष्यभर मनात घेऊन फिरते. अशा बायका माझ्यासमोर बसून रडल्यात. म्हणून मी या काळात खांदे, हात, तळपाय इतकंच ठेवा म्हणते, आणि जिच्या बाबतीत असं झालंय तिला आज रेडिओवरून सांगते, ताई, ते तुझ्यामुळे झालं नाही.

अजून एक, दुखतंय म्हणून घरात पडलेलं पेनकिलर जेल किंवा झोंबणारा बाम लावून मालिश करू नका. त्यातलं औषध कातडीतून आत जातं, आणि या जातीच्या वेदनाशामकांमुळे विशेषतः शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उग्र वासाची सुगंधी तेलंही नकोत. बाहेर पार्लरमध्ये किंवा स्पामध्ये जाणार असाल तर गरोदर आहे, कितवा महिना आहे, हे आधी सांगा, आणि त्यांनी तुम्हाला बीपी, रक्तस्राव, वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाजवळ आहे का, हे काहीच विचारलं नाही तर तिथून उठून या. यातलं काही असेल, जुळं असेल, आधी मुदतीपूर्वी बाळंतपण झालं असेल, ताप असेल, तर आधी डॉक्टर, मग मालिश.

एक गोष्ट मोकळेपणाने बोलते, कारण कुणी बोलत नाही. पहिलटकरीण असेल तर ३४-३५ आठवड्यांपासून योनीमार्गाच्या तोंडाची, म्हणजे खालच्या जागेची, स्वच्छ हातांनी आठवड्यातून एक-दोनदा मालिश केली तर प्रसूतीत टाके पडण्याची शक्यता कमी होते, हे अभ्यासांत चांगलं दिसलंय. डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून शिकून घ्या, वार खाली असेल, रक्त जात असेल किंवा इन्फेक्शन असेल तर करायची नाही.

आणि कळा सुरू झाल्यावर. त्या वेळी बाईला हवी असेल तर मालिश करावी असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये आहे, पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकलू नये हेही त्यातच आहे. मी नवऱ्यांना आधीच शिकवून ठेवते. कळ चढायला लागली की मुठीचा किंवा तळव्याचा खालचा भाग माकडहाडाच्या वर, त्या दोन खळग्यांच्या मध्ये टेकवायचा आणि सरळ आत दाबून धरायचा, घासायचा नाही, कळ उतरली की सोडायचा.

त्या सातव्या महिन्यातल्या मुलीच्या नवऱ्यालाही शिकवलं होतं. बाळ झाल्यावर दोघं पेढे घेऊन आले तेव्हा तो सांगत होता की तिला ठेवलं होतं तिथे मला आत सोडलं नाही, पण माझ्या आईला, म्हणजे हिच्या सासूबाईंना, सोडलं, मग मी तिला बाहेर पॅसेजमध्येच पटापट दाखवून दिलं. आणि ती मुलगी म्हणाली, मॅडम, रात्रभर आईंचा हात माझ्या कमरेवर होता, मी नुसतं अजून खाली, अजून खाली म्हणत होते आणि त्या न बोलता दाबत होत्या.