आतल्या कानाचं पाणी

(दृश्य: परळ स्टेशनचा पूल, सकाळची गर्दी)

आज चक्कर नाही, तरी ताईंचा हात कठड्यावरून सुटत नाही. गर्दीत गरगरलं की लोक म्हणतात, उपाशी निघाली असेल, पित्त झालं असेल. कुणी मीठ-साखरेचं पाणी पुढे करतं. ताईंना हवी असते बसायला जागा आणि नजर रोखायला एक स्थिर वस्तू.

(दृश्य: आतल्या कानाचं मॉडेल)

हा मेनिएरचा आजार. पूर्वी अशा रुग्णांचा दोष मेंदूत शोधला जाई. पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 मध्ये मांडलं, की ही चक्कर आतल्या कानातून येऊ शकते. अंघोळीचं पाणी इथवर पोचत नाही. हाडात खोल, शंखासारख्या नळीत आणि तोल सांभाळणाऱ्या तीन नलिकांत शरीराचाच द्रव असतो. तो साचला की दोन पेशींच्या जाडीचा पडदा ताणतो. कानाला दडे बसतात, आत घूं घूं सुरू होतं, ऐकू कमी येतं आणि घर फिरू लागतं. वीस मिनिटं, कधी अर्धा दिवस.

(दृश्य: स्वयंपाकघर, मिठाचा डबा)

डॉक्टरांनी सोडियम दिवसाला दीड ते दोन ग्रॅमवर आणायला सांगितलं. एका सपाट चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम मिठात ते दोन ग्रॅम भरतं. पण मीठ डब्यातच थोडं असतं? लोणच्यात आहे, फरसाणात आहे, वड्याबरोबरच्या पावातही आहे. पापडात तर मीठही आणि पापडखारही, दोन्हींत सोडियम. सासूबाईंनी ठरवलं, सुनेची आमटी वेगळी शिजणार नाही, सगळ्यांचीच कमी मिठाची. आता चव कोकमाची, लिंबाची, ओल्या खोबऱ्याची. सगळ्याच रुग्णांना पथ्याचा सारखा गुण येत नाही, पण घरानं आजार खरा मानला, हे आम्हाला औषधाइतकंच मोलाचं वाटतं.

(दृश्य: भिंतीवरचं कालनिर्णय)

चक्करेचा झटका नसताना हा व्यायाम. आजच्या तारखेवर नजर, मान हळूहळू डावी-उजवी. मेंदू तोल सावरायला शिकतो. चक्कर दाबणारी गोळी झटक्यापुरतीच, रोज घेतली तर हे शिकणं मंदावतं.

ताईंच्या डाव्या कानाचं ऐकणं बरंच गेलं, नोकरीही बदलावी लागली.

(दृश्य: श्रवणचाचणीची बंद खोली)

आवाज आला की बटण दाबायचं. ताईंच्या आलेखाची डावी बाजू, खर्जातल्या आवाजांची, खाली उतरलेली दिसते. या आजारात सुरुवातीला बहुधा असंच होतं. चक्करेबरोबर कान गच्च होत असेल तर ही चाचणी करून घ्याच. केईएम, नायर, सायन या मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. झटका ओसरताच जा. कारण आजाराच्या सुरुवातीच्या काळात काही दिवसांनी ऐकणं सुधारतं आणि आलेखात दोष दिसेलच असं नाही.