ऑक्सिमीटरवरचा दुसरा आकडा

नमस्कार मंडळी. आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. टीव्हीखालचा तो ड्रॉवर उघडा, जिथे जुनी बिलं, उरलेल्या गोळ्या, रिमोटचे सेल असं सगळं पडलेलं असतं. तिथे २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये कोविडच्या लाटेत मिळेल त्या भावाला घेतलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बहुतेक सापडेलच. त्यावर दोन आकडे येतात. एक ऑक्सिजनचा, तो तर पोराटोरांनाही पाठ झालाय, ९४ च्या खाली गेला की पळापळ. दुसरा नाडीचा, म्हणजे पल्सचा. त्याच्याकडे फारसं कुणी बघितलंच नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मीसुद्धा फोनवर पेशंटला फक्त ऑक्सिजन किती एवढंच विचारायचो, याची मला आजही खंत वाटते. म्हणून आज बोलायचंय ते कोविड होऊन गेल्यावर नाडीकडे आणि हृदयाकडे लक्ष ठेवण्याबद्दल.

माझ्या दवाखान्यात एक काका यायचे, एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना कोविड झाला तो अगदी साधा, चार दिवस ताप, घरीच राहिले, बरे झाले. तीन आठवड्यांनी दवाखान्याचा जिना चढून आले आणि दारातच खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. म्हणाले, डॉक्टर, ऑक्सिजन तर ९७ आहे, मग मला दम का लागतो? मी बोटाला मशीन लावलं. ९७ बरोबरच होता, पण शेजारी १२८. पाच मिनिटं बसवलं तरी ११० च्या खाली येईना. बीपी बघितला तर १७० वर १००, कारण तापात जेवण जात नव्हतं म्हणून प्रेशरची गोळी बंद केली ती परत सुरूच केली नव्हती.

आता हे होतं कसं, तर आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक अस्तर असतं, कोटाला असतं ना तसं, पण इतकं पातळ की फक्त एका पेशीच्या जाडीचं. रक्त गुळगुळीत वाहू देणं, गुठळी होऊ न देणं, नळी कधी सैल कधी घट्ट करणं ही सगळी कामं ते अस्तर करतं. कोविडमध्ये शरीरभर जी सूज येते तिचा मार या अस्तरालाही बसतो, मग रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. गुठळी पायात झाली तर पोटरी सुजते, फुप्फुसात गेली तर दम, मेंदूत गेली तर लकवा. काहींच्या हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. आणि काहींच्या नाडीवर ताबा ठेवणाऱ्या मज्जातंतूंचं गणित बिघडतं, नुसतं उभं राहिलं तरी छाती धडधडते.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्य खात्याकडच्या नोंदींवरून दीड लाखाहून जास्त कोविड पेशंटचा वर्षभराचा अभ्यास झाला, २०२२ साली छापून आला. त्यात हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, लकवा यांचा धोका कोविड न झालेल्यांपेक्षा जास्त दिसला, आणि जे कधी अ‍ॅडमिटही झाले नव्हते त्यांच्यातही तो काही प्रमाणात वाढलेला होता. ते पेशंट बहुतेक वयस्कर गोरे पुरुष, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नका. पण रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे विषय संपला हे आपण जे धरून चाललो होतो, ते बरोबर नव्हतं.

इथे लोक हमखास कोविडच्या लसीचं विचारतात, कुणी तरुण अचानक गेला की लसीमुळेच गेला का, हीच गावभर चर्चा. आपल्याच आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या ४७ मोठ्या हॉस्पिटलांमधून १८ ते ४५ वयाच्या अशा मृत्यूंचा अभ्यास केला. लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो कमी होता. जास्त कुणाला दिसला? कोविडने अ‍ॅडमिट झालेले, घरात आधी कुणी असं अचानक गेलेलं, आणि आदल्या दोन दिवसांत खूप दारू प्यायलेले किंवा अंगाला झेपणार नाही इतकी मेहनत केलेले.

म्हणून मंडळी, ताप गेला की दुसऱ्या दिवशी शेतात नाहीतर जिममध्ये धावू नका. आठवडाभर बरं वाटू दे, मग सपाट रस्त्यावर दहा मिनिटं, शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने. दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं तर वाढवायचं नाही, कमी करायचं. डॉक्टरांनी हृदयाला सूज सांगितली असेल तर ते हिरवा कंदील दाखवेपर्यंत पळणं, वजनं उचलणं पूर्ण बंद.

नाडी बघायची ती पाच मिनिटं शांत बसून, नेलपॉलिश काढून, बोटं गार असतील तर चोळून. मग उभं राहून दहा मिनिटांत पुन्हा, शेजारी कुणीतरी असू दे. तीस किंवा जास्त ठोके वाढत असतील, नाहीतर बसूनही शंभराच्या वरच राहत असेल, तर ईसीजी काढायला या, गरज वाटली तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. बीपी-शुगरच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि शेजाऱ्याला दिली म्हणून रक्त पातळ करायची गोळी स्वतः सुरू करायची नाही, त्याने पोटात रक्तस्राव झालेले पेशंट मी बघितलेत.

छातीत दाब, घाम, अचानक दम, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर गॅस असेल म्हणून सोडा पीत बसू नका हो, १०८ ला फोन करा.

त्या काकांचा इको सुदैवाने चांगला निघाला. गोळी परत सुरू केली, चालणं हळूहळू वाढवलं. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशोबाशेजारी रोजची नाडी लिहायला घेतली. दिवाळीच्या सुमारास ते पान फाडून मला दाखवायला आणलं, एका चौकोनात दूध दीड लिटर आणि त्याखाली ७८. जिना चढून आले होते, म्हणून मी पुन्हा मोजली, ९६ होती, आणि दोन मिनिटांत ती खाली आली.

नमस्कार.