सड्यावरचा चकवा

(पडदा काळा. पाऊस थांबल्यानंतरची रातकिड्यांची किरकिर. दूरवर एकच मिणमिणता दिवा.)

माझे आजोबा बाजार करून घरी निघाले तेव्हा दिवेलागण झाली होती. भाद्रपद संपत आलेला, अमावास्या एका दिवसावर, आभाळ गच्च. वाटेत सडा लागायचा. कोकणाबाहेरच्या माणसांसाठी सांगायला हवं: सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावं खाली वहाळाकाठी, झाडीत. आणि वर हा सडा. पावसाळ्यात त्यावर गुडघ्याएवढं गवत, मधूनमधून पाण्याची डबकी. घर नाही, मोठं झाड नाही. दिवसा तो पार करायला आजोबांना अर्धा तास पुरायचा.

त्या रात्री ते घरी पोचले उजाडल्यावर.

त्यांनी जे सांगितलं ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ते नाकासमोर चालत होते. चालता चालता एक दगड लागला, बसलेल्या म्हशीएवढा. त्याला वळसा घालून ते पुढे गेले. बऱ्याच वेळाने समोर पुन्हा तोच दगड. पुन्हा नीट दिशा धरून चालायला लागले. तिसऱ्यांदा तोच दगड आला तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवली, विडी पेटवली आणि त्या दगडाला टेकून सकाळ होईपर्यंत बसून राहिले.

आजी म्हणाली, चकवा लागला.

(सड्याचं दिवसाचं दृश्य. कॅमेरा माणसाच्या चालीने पुढे सरकतो.)

कोकणातल्या भुतांना आपापली कामं वाटून दिलेली आहेत. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात. चकवा कुणाला धरत नाही, अंगात येत नाही. तो फक्त वाट चुकवतो, माणसाला गोल गोल फिरवून त्याच जागी आणतो. असा अनुभव एकट्या कोकणाचा नाही. छत्तीसगडच्या जंगलात हेच भुलनकांद्यावर घालतात: या वनस्पतीवर पाय पडला की माणूस वाट विसरतो, म्हणतात. एकीकडे भूत, दुसरीकडे कंद. माणसाचं फिरणं मात्र तेच.

मी नववीत असताना आजोबांना सांगून टाकलं होतं की हे सगळं खोटं आहे, भूत-बित काही नसतं. ते काही बोलले नाहीत, उठून अंगणात गेले. आज कळतं, मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या होत्या. सड्यावर काय घडलं, ही एक. ते कुणी घडवलं, ही दुसरी. दुसरीवर शंका घ्यायचा मला पूर्ण हक्क होता. पहिलीसाठी मी एका प्रामाणिक माणसाला खोटं पाडलं.

कारण आजोबा खरंच गोल फिरले असणार.

(नकाशा. जर्मनी. दाट, सपाट जंगल.)

जर्मनीतल्या ट्यूबिंगन शहरात माक्स प्लांक संस्थेचं एक केंद्र आहे. तिथल्या यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रश्न अगदी साधा होता: अनोळखी जागी वाट हरवलेली माणसं गोल फिरतात असं सगळे म्हणतात, पण कुणी ते मोजून पाहिलंय का? त्यांनी सहा जणांना बीनवाल्ड नावाच्या सपाट जंगलात सोडलं. अंगावर जीपीएस. सूचना एकच: जमेल तितकं सरळ चालत राहा. माणसं काही तास चालली.

त्यांपैकी चौघे चालले त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. ते चौघेही गोल फिरले. तिघांनी तर स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. उरलेले दोघे चालले तेव्हा, सुरुवातीची काही मिनिटं सोडली तर, सूर्य दिसत होता. त्यांची रेषा जवळजवळ सरळ आली. जंगल तेच. फरक ढगांचा.

मग ट्युनिशियात, सहाराच्या वाळवंटात. दिवसा चाललेले दोघे थोडे बाजूला सरकले, पण गोल फिरले नाहीत. तिसरा रात्री चालला, पौर्णिमेच्या चांदण्यात. चंद्र होता तोवर तो ठीक गेला. चंद्र ढगाआड गेल्यावर तो वळत वळत आला होता त्याच दिशेला परत निघाला.

हे वाचताना मला पहिल्यांदा आठवलं ते आजोबांच्या गोष्टीतलं आभाळ. अमावास्येच्या तोंडावरची रात्र. ढग. गोष्ट सांगताना आम्ही हे तपशील भीती वाढवायला घालायचो. खरं कारण त्या तपशिलांतच होतं.

(डोळे बांधलेला माणूस मोकळ्या मैदानात चालतो. वरून घेतलेलं दृश्य.)

त्याच संशोधकांनी लोकांचे डोळे बांधूनही त्यांना मोकळ्या जागेत चालवलं. आता वर्तुळं फारच लहान झाली, काहींचा व्यास जेमतेम 20 मीटर. म्हणजे गावातल्या देवळाच्या आवारात मावेल एवढं वर्तुळ. आणि चालणाऱ्याला वाटतंय, आपण नाकासमोर चाललोय.

याचं एक जुनं स्पष्टीकरण होतं, ते तुम्हीही ऐकलं असेल: एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा लांब किंवा जोरकस असतो, म्हणून माणूस एका बाजूला वळतो. ते टिकलं नाही. तसं असतं तर एक माणूस कायम एकाच बाजूला वळला असता. इथे तोच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे, आणि पायांतल्या फरकाशी त्याचा मेळ लागत नव्हता.

मग होतं काय? ‘सरळ’ कुठे आहे हे आपल्या पायांना माहीत नसतं. मेंदू ते क्षणाक्षणाला ठरवत असतो: आतल्या कानाकडून येणारी वळणाची जाणीव, पायांच्या स्नायूंकडून येणारा निरोप आणि डोळ्यांना दिसणारं जग यांवरून. प्रत्येक पावलाला यात बारीकशी चूक होते. दूरचा डोंगर, सूर्य, चंद्र, एखादा दिवा दिसत असेल तर ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. काहीच दिसत नसेल तर चुका साठत जातात. ‘समोर’ हीच दिशा हळूहळू सरकते, आणि आपण तिच्यामागे जातो. वळण इतकं सावकाश असतं की कानाला ते जाणवत नाही. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव एकदम घेतलेल्या वळणाला हलतो. संथ वळणाची तो खबर देत नाही.

पायी चालणाऱ्याचं यात फार तर रात्रीचं जेवण चुकतं. आकाशात जीव जातो. 1954 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 20 वैमानिकांवर एक चाचणी झाली. उपकरणांवर विसंबून उडवण्याचं प्रशिक्षण त्यांना नव्हतं. ढगात शिरल्यावर बाहेरचं काही दिसेनासं होतं, तशी परिस्थिती त्यांच्यापुढे उभी केली. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आलं नाही. सरासरी 178 सेकंदांत ताबा सुटला, आणि जवळजवळ सगळे चक्राकार खाली जायला लागले. विमान सरळ आहे, असं शरीर सांगत होतं. म्हणून वैमानिकाला शिकवतात: ढगात अंगाला काय वाटतंय यावर जाऊ नकोस, काट्याकडे बघ. मला हा फार मोठा धडा वाटतो. आपल्याला अगदी स्पष्ट जाणवणारी गोष्टही तपासून घ्यावी लागते, आणि ज्याला ती जाणवते तो माणूस वेडाही नसतो आणि खोटारडाही नसतो.

(पुन्हा काळोख. तोच दूरचा दिवा. तो हलतोय का?)

या दिव्याकडे बघत राहा. आजोबांच्या गोष्टीत तोही होता. सड्याच्या टोकाला त्यांना एक उजेड दिसला होता, कुणीतरी कंदील घेऊन चालल्यासारखा. ते त्याच्या रोखाने गेले आणि आणखी भरकटले.

पूर्ण काळोखात एकच स्थिर ठिपका बघत राहिलं की तो सरकायला लागतो. निदान तसं दिसतं. आपले डोळे कधीच पूर्ण स्थिर नसतात, आणि आजूबाजूला ताडून पाहायला काही नसलं की मेंदूला कळत नाही, ठिपका हलला की आपण. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने 1935 साली याचाच उपयोग केला. अंधाऱ्या खोलीत न हलणारा प्रकाशाचा ठिपका दाखवून तो लोकांना विचारायचा, किती हलला? एकेकट्याने बघताना प्रत्येकाचं उत्तर वेगळं. दोघं-तिघं एकत्र बसून मोठ्याने सांगायला लागले की उत्तरं जवळ यायची. पुढे पुन्हा एकटं बसवलं तरी माणूस गटात ठरलेल्या उत्तराला धरून राहायचा. कुणी कुणाला फसवत नव्हतं. न हललेल्या ठिपक्याबद्दल सगळ्यांचं एकमत होत होतं, एवढंच.

पाच जणांनी पाहिलंय, सगळे खोटं बोलतील का, असं आपल्याला नेहमी विचारतात. नाही, कुणीच खोटं बोलत नसेल. पण पाचही जण एकमेकांशी बोलल्यानंतर आपल्याला सांगतायत का, हे विचारायला हवं.

आणि हे विचारणं मला गरजेचं का वाटतं, तेही सांगतो. गोष्ट ‘चकवा लागला’ इथे थांबली तर कुणाचं बिघडत नाही. पण पुष्कळदा पुढचा प्रश्न येतो: कुणी लावला? मग भगत, मग उतारा, आणि कधी कधी गावातल्या एखाद्या एकट्या बाईकडे वळलेलं बोट. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने बांधणं, काठीने मारणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घालून खून झाला. कायदा त्यानंतर झाला.

(संध्याकाळ. सड्यावर तीन माणसं. एकाच्या डोळ्यांवर पट्टी.)

गेल्या पावसाळ्यात मी त्याच सड्यावर गेलो. डोळ्यांवर जाड पट्टी, खिशात वाट नोंदवणारा फोन, आणि डबक्यांपासून सांभाळायला मागे दोन मित्र. वीस मिनिटं मी सरळ चाललो. शपथेवर सांगितलं असतं, सरळच. पट्टी काढली तर मी निघालो होतो त्या जागेच्या जवळच उभा, पाठ घराकडे.

फोनवरची ती रेषा आत्याला दाखवली. गोळा झालेल्या सुतळीसारखी दिसत होती. आजोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आत्याने चष्मा लावून रेषेवरून बोट फिरवलं.

“म्हणजे बाबा खरंच तिथे फिरत होते.”

“हो.”

“आणि तो दगड? एकच होता की तीन?”

मी म्हटलं, रेषा बघता एकच असू शकतो. पण सड्यावर तसले दगड खूप आहेत, आणि काळोखात घाबरलेल्या माणसाला दोन दगड वेगळे ओळखता येणं कठीण. दिवसा जाऊन कुणी खूण केली असती तर कळलं असतं.

“खूण होती,” आत्या म्हणाली. “दुसऱ्या दिवशी दादा जाऊन आला होता. एका दगडापाशी विडीची थोटकं पडली होती.”

“किती?”

“ते कोण मोजणार? पण सगळी एकाच जागी होती. बाबा उजाडेपर्यंत तिथून हलले नाहीत ना.”

वाट चुकली तर आहे तिथेच थांबा, शोधणारे तुमच्यापर्यंत येतील, असं आज डोंगरात जाणाऱ्यांना शिकवतात. आजोबांना ते त्यांच्या आईने शिकवलं होतं, चकव्याचा उपाय म्हणून.

(विडीचा लाल ठिपका. मागे आभाळ हळूहळू फटफटतं. दूर, भलत्याच बाजूला, गावातली कौलं दिसायला लागतात.)