दंडातली ताकद जिथे कामाची नाही

श्रोतेहो, नमस्कार.

बॅटमॅन डीसी कंपनीचा, स्पायडरमॅन मार्व्हलचा. हे दोघे एका गोष्टीत यायचे म्हटले तर आधी दोन कंपन्यांना करार करावा लागतो. पण अमेरिकन कॉमिक्सच्या या दुनियेत एक पात्र असं आहे की त्याला कुठल्याही घरात जायला परवानगी लागत नाही. तो म्हणजे ड्रॅक्युला. ब्रॅम स्टोकरची कादंबरी आली 1897 साली, आणि आज तिच्यावर कुणाचाच हक्क उरलेला नाही. त्यामुळे तो बॅटमॅनच्या गॉथममध्ये उतरतो, एक्स-मेन या मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या चमूच्या न्यूयॉर्कमध्ये वावरतो, जादूगार डॉक्टर स्ट्रेंजच्या दारात उभा राहतो. आज मला बोलायचं आहे ते सुपरहिरो आणि व्हॅम्पायर यांच्या या गाठीभेटींविषयी. अनेक वाचक यांना निव्वळ मारामारीच्या गोष्टी समजून बाजूला ठेवतात. त्यातल्या निदान दोन-तीन तरी फार मोलाच्या आहेत असं मला मनापासून वाटतं.

सुपरहिरोचे नेहमीचे शत्रू कोण? बँक लुटणारे, शहर उडवायला निघालेले, परग्रहावरून चालून आलेले. त्यांना हरवलं की गोष्ट संपली. व्हॅम्पायर वेगळा, कारण तो समोरच्याला आपल्यासारखं करून टाकतो. नायक जितका बलवान, तितका त्याच्या चाव्याचा धोका मोठा. ज्या ताकदीवर लोकांचा भरवसा, तीच उद्या लोकांच्या गळ्याशी येणार. म्हणून इथे दंडातली ताकद फारशी उपयोगी पडत नाही आणि लेखकाला नायकाच्या मनात शिरावंच लागतं.

सुरुवातीला मात्र कुणी इतका विचार केला नव्हता. बॅटमॅनचा जन्म 1939चा. त्याच वर्षी सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या डिटेक्टिव्ह कॉमिक्समध्ये, म्हणजे 31 आणि 32 क्रमांकाच्या अंकांत, त्याची गाठ ‘मंक’ नावाच्या लाल झग्यातल्या व्हॅम्पायरशी पडली. ब्रूस वेनची, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनची, वाग्दत्त वधू जूली मॅडिसन त्याच्या संमोहनाखाली सापडते आणि पाठलाग थेट हंगेरीपर्यंत जातो. शेवटी बॅटमॅन काय करतो? चांदी वितळवून गोळ्या ओततो आणि शवपेटीत झोपलेल्या मंकवर पिस्तूल झाडतो. बंदुकीला हात न लावणारा, कुणाचा जीव न घेणारा बॅटमॅन आपल्या ओळखीचा आहे. हा त्याआधीचा. त्याचे नियम अजून ठरायचे होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

मग 1954 साली व्हॅम्पायर कॉमिक्समधून हद्दपारच झाले. भयकथांच्या कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड अमेरिकेत झाली, सिनेटपुढे सुनावणी झाली, आणि प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. चालतीबोलती प्रेतं, व्हॅम्पायर, लांडगामाणसं, सगळ्यांवर बंदी. ही बंदी 1971मध्ये सैल झाली. ड्रॅक्युला आणि फ्रँकेनस्टाइन यांच्यासारख्या नावाजलेल्या साहित्याच्या परंपरेत बसत असेल तर व्हॅम्पायर चालेल, असं ठरलं. त्याच वर्षी स्पायडरमॅनच्या 101व्या अंकात मॉर्बियस आला. रॉय थॉमस यांचं लेखन, गिल केन यांची चित्रं. पण मॉर्बियस प्रेतातून उठलेला नाही. तो शास्त्रज्ञ आहे, स्वतःच्या रक्ताच्या आजारावर उपाय शोधता शोधता असा झालेला. रक्त प्यायल्यावर त्याला स्वतःचीच शिसारी येते. मला तो आवडतो तो त्यासाठीच.

पुढच्याच वर्षी मार्व्हलने ‘टूंब ऑफ ड्रॅक्युला’ सुरू केलं. 1972 ते 1979, एकूण 70 अंक. लेखक बहुतांश मार्व्ह वुल्फमन, चित्रकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत जीन कोलन. कोलन यांची चित्रं धुक्यातून काढल्यासारखी दिसतात. कडा कुठे संपते आणि सावली कुठे सुरू होते ते कळत नाही. त्यांनी ड्रॅक्युलाचा चेहरा जॅक पॅलन्स या नटावरून घेतला होता. या मालिकेत ड्रॅक्युलाच्या मागावर असलेली माणसं बहुतेक साधी आहेत. चाकांच्या खुर्चीतला म्हातारा क्विन्सी हार्कर, क्रॉसबो चालवणारी रेचेल व्हॅन हेल्सिंग, आणि ताज नितल नावाचा एक भारतीय, ज्याचा आवाज ड्रॅक्युलानेच कायमचा हिरावून घेतलेला. दहाव्या अंकात, 1973 साली, लाकडी सुऱ्यांचा पट्टा बांधलेला ब्लेड आला. तो पुढे सिनेमामुळे जगभर गाजला. अधूनमधून डॉक्टर स्ट्रेंज यायचा, पन्नासाव्या अंकात अंतराळात भटकणारा सिल्व्हर सर्फरही येऊन गेला.

आता माझ्या सर्वांत आवडत्या अंकाकडे येतो. ‘अनकॅनी एक्स-मेन’, अंक 159, साल 1982. लेखक क्रिस क्लेअरमाँट, चित्रकार बिल सिंकेविच. एक्स-मेनमधली स्टॉर्म वादळ, पाऊस, वीज हवी तेव्हा बोलावू शकते. ती गळ्यावर जखम होऊन इस्पितळात पडते. सगळ्यांना वाटतं, रस्त्यात कुणी लुटारूने वार केला. पण ती फिकट पडत जाते, उजेड टाळायला लागते, आणि गळ्याभोवती गुंडाळलेल्या कापडाखाली काय आहे ते उमगायला तिच्या मैत्रिणीला, कोवळ्या किटी प्राइडला, वेळ लागत नाही.

मग एक्स-मेन ड्रॅक्युलासमोर जातात. वुल्व्हरिन आपले पोलादाहून कठीण पंजे एकावर एक आडवे धरून क्रूस करतो. ड्रॅक्युला हसतो. वुल्व्हरिनची श्रद्धाच नाही, मग त्या क्रूसात कसलं बळ? मग त्यांच्यातलाच नाइटक्रॉलर क्रूस धरतो. निळ्या कातडीचा, टोकदार शेपटीचा, दिसायला साक्षात सैतान. पण मनाने पक्का कॅथलिक. त्याच्यासमोर मात्र ड्रॅक्युलाला मागे सरावं लागतं. आणि ड्रॅक्युला जेव्हा किटीचा गळा पकडतो, तेव्हा त्याचा हात भाजतो, कारण ती ज्यू आहे आणि तिच्या गळ्यात डेव्हिडचा तारा आहे.

श्रोतेहो, या तीन चौकटींत केवढं सांगून टाकलंय बघा. नुसत्या क्रूसाच्या आकारात शक्ती नाही. धरणाऱ्याच्या मनात काय आहे ते महत्त्वाचं, आणि ते एकाच धर्माची मिरास नाही. जुन्या व्हॅम्पायरकथांमध्ये क्रूस दाखवला की काम फत्ते. क्लेअरमाँट यांनी तो नियम मोडला नाही, त्याचा अर्थ रुंद केला. शेवटी ड्रॅक्युलाला परतवते तीही स्टॉर्मची स्वतःची इच्छाशक्ती. त्याची होऊन राहण्यापेक्षा मेलेलं बरं, हे ती ठरवते. वादळं बोलावण्याची तिची शक्ती इथे दुय्यम ठरते.

दुसरी कथा बॅटमॅनची. ‘बॅटमॅन अँड ड्रॅक्युला: रेड रेन’, 1991. लेखक डग मेंच, चित्रकार केली जोन्स. डीसीची ‘एल्सवर्ल्ड्स’ म्हणून एक मालिका होती. नेहमीच्या कथाक्रमाच्या बाहेर ‘असं झालं असतं तर’ या कल्पनेवरच्या त्या गोष्टी. त्यामुळे इथे काहीही कायमचं घडू शकतं, आणि घडतं. प्रदूषणामुळे गॉथमवर लाल पाऊस पडतोय, रस्त्यावरच्या बेघर माणसांचे खून होतायत. टान्या नावाची एक स्त्री रात्री ब्रूस वेनच्या स्वप्नात येते. ती स्वतः व्हॅम्पायर आहे, पण ड्रॅक्युलाविरुद्ध उठलेली. ती बॅटमॅनला थोडं थोडं आपल्यासारखं करत नेते, कारण माणूस म्हणून तो ड्रॅक्युलाला पुरा पडणार नाही. केली जोन्स यांच्या चित्रांत बॅटमॅनचे कान अंकागणिक नव्हे, पानागणिक लांबत जातात, अंगावरचा झगा कधी पंखांसारखा पसरतो, कधी कफनासारखा लपेटतो. पान उलटावं तसं मुखवट्याखालचं माणूसपण कमी होताना दिसतं. ड्रॅक्युलाच्या टोळीला संपवण्यासाठी तो आपलं वाडवडिलांचं घरसुद्धा स्फोटात उडवू देतो. ड्रॅक्युला मरतो, पण बॅटमॅन माणूस म्हणून परत येत नाही.

1994च्या ‘ब्लडस्टॉर्म’मध्ये खरी कसोटी लागते. हा व्हॅम्पायर बॅटमॅन माणसाचं रक्त प्यायचं नाही या एकाच निश्चयावर उभा आहे. त्याची तहान वाढतच जाते. ड्रॅक्युलाच्या मागे उरलेल्या व्हॅम्पायरांचं पुढारीपण बॅटमॅनचा कट्टर शत्रू जोकर याने घेतलंय. आणि एका क्षणी, प्रिय माणूस समोर मेल्यावर, बॅटमॅन जोकरच्या गळ्याला तोंड लावतो. आठवा, 1939मध्ये त्याने झोपलेल्या व्हॅम्पायरवर गोळी झाडली तेव्हा त्याला काहीच वाटलं नव्हतं. इथे एका खुनी माणसाचा जीव घेतल्यावर तो जेम्स गॉर्डन आणि आल्फ्रेड या आपल्या सर्वांत जवळच्या दोघांना सांगतो, माझ्या छातीत खुंट ठोका. आणि ते ठोकतात. मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत तो कुणाचा जीव घेत नाही हा नियम त्याच्या हाडीमाशी इतका खिळला होता, म्हणूनच हे पान वाचताना पोटात कालवतं.

अलीकडच्या मोठ्या मोहिमांबद्दल मी तितक्या उत्साहाने बोलणार नाही. मार्व्हलचं 2010चं ‘कर्स ऑफ द म्यूटंट्स’, डीसीचं 2021मध्ये सुरू झालेलं ‘डीसी व्हर्सेस व्हॅम्पायर्स’, मार्व्हलचं 2024चं ‘ब्लड हंट’. यांतल्या शेवटच्या दोन कथांत तर सगळी पृथ्वी व्हॅम्पायरांच्या तावडीत जाते, नायक पटापट पडतात. जिथे पन्नास जण चावले जातात तिथे एकाचंही दुःख नीट होत नाही. तरी डीसीच्या कथेत एक गोष्ट मनाला लागते. व्हॅम्पायरांचा राजा निघतो तो नाइटविंग, बॅटमॅनने लहानपणापासून वाढवलेला पहिला रॉबिन, म्हणजे त्याचा पहिला साथीदार. सगळ्यांचा लाडका, सगळ्यांच्या विश्वासाचा. त्याला निवडणाऱ्या लेखकांना वर्म बरोबर सापडलं होतं. पुढच्या लढाया थोड्या कमी करून त्याच्यासाठी आणखी पानं दिली असती तर फार बरं झालं असतं.

तुमच्यापैकी कुणाला वाचून बघायचं असेल तर एक्स-मेनच्या त्या एका अंकापासून सुरुवात करा. एका बैठकीत संपेल, आणि पात्रांची आधीची ओळख नसली तरी अडत नाही. ‘रेड रेन’ वाचलंत तर ‘ब्लडस्टॉर्म’ लगेच घ्या, आणि त्यानंतरचं तिसरं ‘क्रिम्झन मिस्ट’सुद्धा, क्रम मात्र चुकवू नका. बॅटमॅनचं नाव बघून लहान मुलांच्या हाती ही तीन पुस्तकं देऊ नका, ती मोठ्यांसाठीच आहेत. आणि चित्रांवरून भराभर नजर फिरवू नका. जोन्स आणि कोलन दोघांचीही बरीचशी गोष्ट काळ्या शाईत आहे, संवादांच्या फुग्यांबाहेर.

नमस्कार.