भावा, तू विहिरीतून बोलतोयस का?

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलूया मित्रांसोबत ऑनलाइन गेम खेळताना लागणाऱ्या हेडसेटबद्दल, म्हणजे माईक जोडलेल्या हेडफोनबद्दल.

रात्रीचे साडेदहा वाजलेत. घर झोपायच्या तयारीत, आणि आतल्या खोलीतून पोराची आरोळी येते, "मागून आला, मागून!" आई म्हणते, "अरे हळू, शेजारी उठतील." पोरगा म्हणतो, "मी कुठं ओरडतोय?" तो खोटं बोलत नाही. हेडफोननं कान झाकलेले, त्यात गेममधला गोळीबार चाललेला, मग स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही आणि नकळत चढत जातो. एत्येन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी ही गोष्ट १९११ सालीच नोंदवून ठेवली आहे. यावर उपाय म्हणजे साइडटोन. माईकमध्ये गेलेला आपला आवाज थोडासा आपल्याच कानात परत सोडायचा. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये हे असायचंच. हेडसेट घेताना ही सोय आहे का, ते विचारून घ्या. शेजारी दुवा देतील.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. तो आणि त्याचे तीन मित्र रोज रात्री बीजीएमआय हा मोबाइलवरचा, टीम करून खेळायचा गोळीबाराचा गेम खेळतात. वाढदिवसाच्या पैशांतून त्यानं ब्लूटूथचे इअरबड्स घेतले. गाणी झकास वाजायची. पण गेममध्ये माईक चालू केला की मित्र विचारायचे, "भावा, तू विहिरीतून बोलतोयस का?" आणि त्याच्याही कानात सगळा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. त्यानं दुकानात जाऊन जोडी बदलून आणली. दुसरीही तशीच! "मामा, मला फसवलं."

फसवलं कुणीच नव्हतं. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये दोन वाटा असतात. गाण्याची वाट रुंद, पण एकेरी: आवाज फोनकडून कानाकडे येतो, उलट जात नाही. माईक चालू झाला की दुहेरी वाट लागते, ती फोन कॉलसाठी केलेली आणि अरुंद. सीडीमध्ये आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. या कॉलच्या वाटेवर जुन्या पद्धतीत फक्त ८,०००, सुधारलेल्या पद्धतीत १६,०००. 'स', 'श' यांचा सळसळाट, गवतातल्या पावलांची बारीक खसखस, हे सगळं वरच्या पट्टीत असतं आणि तेच आधी गळून पडतं. वर उशीर वेगळाच. साध्या ब्लूटूथला आवाज पोचवायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. गाणं ऐकताना ते कळत नाही. खेळात मात्र गोळी आधी लागते आणि आवाज मागून येतो. एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत यात पुष्कळ सुधारणा करते, पण ती फोन आणि हेडसेट दोन्हींत असावी लागते.

म्हणून माझं मत विचाराल तर वायरचा हेडसेट घ्या. वायर अगदी नकोच असेल, तर छोटा डोंगल, म्हणजे फोनला किंवा कॉम्प्युटरला खोचायचा बिनतारी रिसीव्हर, लावायचा २.४ गिगाहर्ट्झचा हेडसेट बघा. त्यात हा उशीर फार कमी असतो. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी पिनचा मिळतो. आणि पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन असतील तर त्यात माईकचीही जोडणी असते, दोन असतील तर नुसतं ऐकायचं काम. कॉम्प्युटरला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतील, तर एका पिनेच्या दोन करणारी वायर सोबत घ्या. त्या एका वायरीपायी परत बाजारात चक्कर मारलेले लोक मला माहीत आहेत. त्यातला एक मीच.

खोक्यावर '७.१ सराउंड', म्हणजे चहूबाजूंच्या आठ स्पीकरांसारखा आवाज, असं ठळक छापलेलं असतं. त्यावर भाळू नका. आत बहुतेक वेळा दोनच स्पीकर असतात, एका कानाला एक. पण आपल्यालाही कान दोनच आहेत! आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतरानं, आणि तेवढ्यावर मेंदू ओळखतो की शत्रू डावीकडे आहे. चांगला साधा स्टीरिओ हे काम नीट करतो.

आता माईक. हेडफोन आपल्यासाठी असतो, माईक दुसऱ्यांसाठी. म्हणूनच बहुधा आपण त्याच्यावर पैसे घालत नाही. कुणी उत्साहानं टेबलावर ठेवायचा कंडेन्सर माईक आणतो, व्हिडिओत पाहिलेला असतो म्हणून. तो फार नाजूक कानाचा असतो. छताचा पंखा, स्वयंपाकघरातला कुकर, गल्लीतला भाजीवाला, सगळ्यांना तो टीममध्ये घेतो. मी आत्ता ज्या स्टुडिओतून बोलतोय तिथं पंखा नाही आणि भिंतींना आवाज शोषणारं अस्तर आहे. तुमच्या खोलीत तसं नसणार. मग तोंडाजवळ येणारा दांडीचा माईक बरा. हिशोब सोपा आहे: तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. ५ सेंटिमीटरवरचा माईक ४० सेंटिमीटरवर नेला तर तो १८ डेसिबलनं खाली गेला, आणि पंख्याची घरघर मात्र होती तेवढीच राहिली. महागडा माईक लांब ठेवण्यापेक्षा स्वस्तातला जवळ ठेवलेला कितीतरी स्पष्ट ऐकू येतो.

जवळ म्हणजे तोंडासमोर नव्हे हं. ओठांच्या कडेला, गालाच्या बाजूनं. आपल्या मराठीत 'भाऊ, पळ!', 'फेक, फेक!' असं म्हणताना भ, प आणि फ तोंडातून वाऱ्याचा झोत सोडतात आणि माईकवर धप्प आवाज होतो. माईकला स्पंजची टोपी असेल तर काढून टाकू नका.

आणि घेतल्यावर मित्रांना "आवाज कसा येतोय?" असं विचारू नका. ते "येतोय" एवढंच म्हणतील. पंखा लावा, दार उघडं ठेवा, रोज बसता तिथंच बसून अर्धा मिनिट बोला, ते रेकॉर्ड करून स्वतः ऐका. माझ्या भाच्यानं ऐकलं, आणि गप्प बसून पंख्याचा रेग्युलेटर पाचवरून दोनवर आणला.

नमस्कार.