गेममधल्या शिव्यांवर बंदी हवी का? आधी क्रियापद बघा

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. चौघांचा स्क्वॉड, मी आणि तीन अनोळखी. त्यातला एक आवाज लहान मुलीचा होता, बारा-तेरा वर्षांची असेल. खेळत होती मस्त. ‘डावीकडे दोघं, छपरावर एक,’ असं धडाधड सांगत होती आणि दर वेळी तिचं बरोबर निघत होतं. मग एकदा तिचा नेम चुकला आणि आमच्यातला एक जण नॉक झाला, म्हणजे गोळी लागून खाली पडला.

त्याने माइकवर जे सुरू केलं ते मी इथे बोलून दाखवणार नाही. पहिलं वाक्य तिच्या खेळावर होतं. दुसऱ्या वाक्यात तो तिच्या आईवर गेला. तिसरं होतं, ‘तुला फोन दिला कुणी, जा, भांडी घास.’

[स्क्रीनवर: माइकचं हिरवं चिन्ह]

माझ्या डोक्यातून जात नाही ते त्याच्या पुढचं. तिच्या नावाशेजारी हे असं हिरवं चिन्ह इतका वेळ लुकलुकत होतं. त्यावर लाल तिरकी रेघ आली. ती गेम सोडून गेली नाही हं. पुढची दहा-बारा मिनिटं खेळली, एक शब्द न बोलता. नकाशावर खुणा टाकत राहिली. इथे शत्रू आहे, इथे गोळ्या आहेत, इथे मेडिकिट पडलंय. ते मेडिकिट उचललं कुणी, तर त्यानेच. माझा माइक चालू होता, मला सगळं ऐकू येत होतं, आणि मी गप्प बसलो.

तर आजचा प्रश्न. ऑनलाइन गेममध्ये, आणि एकूणच समाजात, शिव्यांवर बंधन असावं का? माझं उत्तर ‘हो’ आहे. पण बंधन नेमकं कशावर, इथे माझं बऱ्याच लोकांशी पटत नाही.

मराठीत शिवीची तीन क्रियापदं आहेत. शिवी निघते, शिवी देतात आणि शिवी खातात.

‘दारात बोट चेमटलं आणि तोंडातून शिवी निघाली.’ या वाक्यात समोर कुणीच नाही. ‘त्याने तिला शिवी दिली.’ इथे ‘तिला’ काढून बघा, वाक्य लंगडं होतं, कारण देणं म्हटलं की घेणारा आलाच. आणि ‘आज दिवसभर शिव्या खाल्ल्या’ असं कुणी घरी येऊन म्हणालं, तर त्याच्या पोटात काय चाललंय हे वेगळं विचारावं लागत नाही. तिन्ही ठिकाणी शब्द अगदी एकच असू शकतो. भाषेने मात्र या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात. बंदी घालायला निघालेले लोक क्रियापद विसरतात आणि नामाच्या मागे लागतात, हे माझं म्हणणं आहे.

आधी निघणारी शिवी घेऊ. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एक रुग्ण तपासला. वीसेक वर्षांपासून त्याची वाचा गेली होती. काहीही विचारा, तो ‘टां, टां’ एवढंच म्हणायचा. पण आपलं म्हणणं समोरच्याला कळत नाही म्हणून तो चिडला, की देवाच्या नावाची एक शिवी मात्र त्याच्या तोंडून अख्खी, स्पष्ट निघायची. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकांनी मेंदू तपासला आणि बोलण्याशी संबंधित एक भाग सापडला, तो आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. जुळवून बोलणं गेलं तरी चिडल्यावरची शिवी शिल्लक राहते, हे नंतरही अनेक रुग्णांमध्ये दिसलं. म्हणजे ही शिवी आपण रचत नाही, ती बरीचशी आपोआप येते.

तिचा उपयोगही आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यात हात घालून ठेवायला सांगितला. एकदा शिवी म्हणत म्हणत, एकदा साधा शब्द म्हणत म्हणत. शिवी म्हणताना हात जास्त वेळ टिकला. २०११ साली त्यांनी पुढची गोष्ट तपासली, आणि मला ती पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. जे रोजच्या बोलण्यात खूप शिव्या वापरतात, त्यांना या शिवीचा उपयोग कमी झाला. जो माणूस वर्षातून दोनदा शिवी उच्चारतो, त्याच्या शिवीत जीव असतो. उठता-बसता देणाऱ्याची शिवी बोथट होते, मग त्याला आणखी जहरी शब्द शोधावे लागतात.

म्हणून स्वतःच्या चुकलेल्या नेमावर, हँग झालेल्या फोनवर, तुटलेल्या नेटवर कुणाच्या तोंडून शिवी गेली, तर त्याला बॅन करू नका. शेजारी लहान मूल आहे, आई-वडील बसलेत, तिथे आवरायला हवं हे खरं. पण तो रीतीभातीचा भाग झाला, शिक्षेचा नाही.

आता देणं. इथे मला थोडं थांबायचंय.

जगभरात लोक शिव्यांसाठी वेगवेगळ्या ठिकाणी हात घालतात. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये फ्रेंच बोलणारे चर्चमधल्या वस्तूंच्या नावाने शिव्या देतात. डच भाषेत कॅन्सर, टायफस अशा रोगांची नावं शिव्या म्हणून वापरतात. आणि आपल्याकडे? आपल्या शिव्या ऐकून बघा, शब्द सोडून नाती मोजा. आई, बहीण. भांडण दोन पुरुषांचं चाललेलं असतं आणि विटंबना होते त्यांच्या घरातल्या बाईची, जी तिथे नसतेच. तिने कुणाचं काही बिघडवलेलं नसतं. ‘आम्ही मित्र-मित्र आहोत, आमच्यात चालतं,’ असं म्हणतात. दोघांचीही तयारी असेल, तर खरंच मी मध्ये पडणार नाही, कारण तिथे देणं-घेणं राजीखुशीचं आहे. फक्त लॉबीत, म्हणजे खेळाडू जिथे एकत्र जमतात तिथे, तिसरं कुणी बसलंय का, हे बघा. मित्राला दिलेली आईवरची शिवी ती मुलगीही ऐकत असते.

यावर गेम कंपन्यांचा सोपा उपाय म्हणजे शब्दांची यादी आणि फिल्टर. यादीतला शब्द आला की त्याच्या जागी चांदण्या (***). १९९६ साली एओएल या इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नाही. का, तर गावाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये ओळीने चार अक्षरं अशी येतात की ती इंग्रजीतली एक घाण शिवी होते. अख्खं गाव अश्लील ठरलं! अशा चुकीला आजही संगणकवाले ‘स्कनथॉर्प प्रॉब्लेम’ म्हणतात.

उलट बाजूने बघा. आपण चॅटमध्ये मराठी रोमन लिपीत टाइप करतो. एकाच शिवीची वीस स्पेलिंगं होतात, मध्ये एक टिंब टाकलं की एकविसावं. फिल्टरला काय काय शिकवणार?

पण तेही सोडा. ‘जा, भांडी घास.’ या वाक्यात शिवी कुठेय? जा, भांडी, घास. तीनही शब्द पहिलीच्या पुस्तकात शोभतील. माझा अंदाज आहे की त्या रात्री तिला सगळ्यात खोल लागलं ते हेच वाक्य. कुणाच्या जातीचं नाव हे शब्दकोशात साधं नाम असतं, पण ते कुणाकडे बघून, कोणत्या सुरात उच्चारलं, यावर त्याचं काय होतं हे आपल्याला चांगलं माहीत आहे. ‘मरून जा’ हेही तसंच. फिल्टर या सगळ्यांना वाट देणार, आणि ‘अरे, माझंच चुकलं’ म्हणून स्वतःला शिवी देणाऱ्याला चांदण्या लावणार. त्याला नाम दिसतं, क्रियापद दिसत नाही.

मग करायचं काय? थोडीफार उत्तरं मिळालेली आहेत.

लीग ऑफ लेजंड्स हा गेम बनवणाऱ्या रायट गेम्स कंपनीने यावर खरोखर अभ्यास केला, त्यासाठी मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान शिकलेली माणसं नेमली. त्यांना वाटलं होतं तसंच तुम्हालाही वाटत असेल, की मूठभर नासके लोक आहेत, त्यांना काढलं की झालं. सतत वाईट वागणारे खेळाडू निघाले साधारण १ टक्का. पण एकूण घाणीत त्यांचा वाटा होता फक्त ५ टक्के. बाकीची बहुतेक घाण कुणाची? एरवी बरे वागणाऱ्या, त्या दिवशी डोकं फिरलेल्या माणसांची. तुमच्या-माझ्यासारख्यांची.

म्हणून त्यांनी एक साधी गोष्ट केली. विरोधी टीमशी चॅट करण्याची सोय आपोआप चालू असायची, ती आपोआप बंद ठेवली. ज्याला बोलायचंय त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. बंदी नाही, फक्त एक पायरी. त्यानंतर वाईट चॅट ३० टक्क्यांहून जास्त घटलं, चांगलं चॅट तितकंच वाढलं, आणि चॅट वापरण्याचं प्रमाण मात्र पूर्वीइतकंच राहिलं. रागाच्या आणि जिभेच्या मध्ये दोन सेकंद मिळाले, एवढाच फरक. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ असं आपण म्हणतो ना, त्यांनी ती जीभ उचलण्याआधी एक बटण ठेवलं.

दुसरं त्यांना कळलं ते शिक्षेबद्दल. ‘तुम्ही असं असं वागलात म्हणून शिक्षा’ एवढंच कळवलं, तर पुढच्या तीन महिन्यांत ५० टक्के लोक सुधारलेले दिसले. त्याच्याबरोबर पुरावा आणि निवाडा समोर ठेवला, तर ६५ टक्के. आपण लिहिलेलं आपल्याच डोळ्यांनी थंड डोक्याने वाचणं, हे फार मोठं औषध आहे. मी स्वतःचं जुनं चॅट एकदा वाचलं होतं. टीममेटला मी ‘तुझ्यासारख्यांनी गेम डिलीट करावा’ असं लिहिलेलं. शिवी नव्हती त्यात. तरी दिलेलीच होती ती.

काही कंपन्यांनी कडक वाटही धरली. रेनबो सिक्स सीज या गेममध्ये २०१८ साली चॅटमध्ये वंश वगैरेंवरून हिणवणारा शब्द टाइप केला, की तिथल्या तिथे बॅन सुरू झाला. पहिल्यांदा ३० मिनिटं, मग २ तास, आणि सवय सुटतच नसेल तर कायमचं बाहेर. लहान शिक्षा, पण त्याच क्षणी. मला हे पटतं. कॉल ऑफ ड्यूटी या गेमने २०२३ साली बोललेलं ऐकून तपासणारी एआय यंत्रणा आणली. ती फक्त नोंद करते, शिक्षेचा निर्णय कंपनीकडे असतो, आणि खेळातली चिडवाचिडवी चालेल असं त्यांनी आधीच सांगितलं. तुमचं बोलणं कुणीतरी सतत ऐकतंय, ही किंमत लहान नाही. लहान मुलं ज्या लॉबीत येतात तिथे मी ती द्यायला तयार आहे, मित्रांच्या खासगी पार्टीत अजिबात नाही.

आता समाज. गेमची कंपनी तुम्हाला गेममधून काढते, सरकार तुम्हाला तुरुंगात टाकतं. त्यामुळे इथे हात आखडता हवा.

१९६८ साली लॉस एंजेलिसच्या कोर्टाच्या इमारतीत पॉल कोहेन नावाचा तरुण एक जाकीट घालून गेला. व्हिएतनाम युद्धाचा काळ होता आणि जाकिटावर सक्तीच्या सैन्यभरतीला शिवी लिहिलेली होती. त्याला ३० दिवसांची कैद झाली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७१ साली ५ विरुद्ध ४ मतांनी शिक्षा रद्द झाली. न्यायमूर्ती हार्लन यांच्या निकालातला एक मुद्दा मला फार आवडतो: तो शब्द ऐकणाऱ्या कुणा माणसाला उद्देशून नव्हता. बघा, त्यांनीही क्रियापदच पाहिलं.

आणि शब्दावर दंड लावला की काय होतं? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये सार्वजनिक ठिकाणच्या आक्षेपार्ह भाषेला पोलीस जागेवर दंड करू शकतात. तो दंड तिथल्या मूळनिवासी लोकांच्या वाट्याला त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त आला. शिवी सगळेच देतात, पावती मात्र ज्याच्या मागे कुणी नाही त्याच्या हातात पडते. धमकी, पाठलाग, एखाद्याला पुन्हा पुन्हा छळणं, यांना कायदा हवा आणि कडक हवा. नुसत्या घाणेरड्या शब्दाला मात्र कायदा नको.

शेवटचा आक्षेप मला कमेंटमध्ये नक्की येणार: ‘म्यूट करायचं ना मग!’

[स्क्रीनवर: लाल रेघेचं चिन्ह]

ही रेघ परत बघा. ही तिच्याच माइकवर होती. त्याला म्यूट केलं असतं, तर शत्रू कुठून येतोय हे त्याने सांगितलेलं तिला ऐकू आलं नसतं, आणि टीम हरली असती तर पुन्हा तिच्यावरच आलं असतं. म्हणून तिने स्वतःचा आवाज बंद केला. शिवी त्याने दिली, खाल्ली तिने, आणि बोलणंही तिचंच गेलं. म्यूटचं बटण हवंच, पण आवरायची सगळी जबाबदारी खाणाऱ्यावर टाकून आपण मोकळे होतो, ते मला मान्य नाही.

मी आता मॅच संपेपर्यंत थांबत नाही. लगेच रिपोर्ट टाकतो आणि माइकवर बोलतो, ‘भाऊ, तिला असं बोलू नकोस.’ एवढंच. परवा हेच बोललो, तर समोरच्याने माझ्यावर तोंडाचा पट्टा सोडला, मॅच संपेपर्यंत. एक नवखा मुलगा होता स्क्वॉडमध्ये, ज्याच्यावर तो आधी घसरला होता. त्याचं हिरवं चिन्ह थोडा वेळ विझलं. मग परत लुकलुकलं, आणि आवाज आला, ‘दादा, उजवीकडे दोघं आहेत.’